अ‍ॅपमधलं 'अपडेट तपासा' नक्की कोणाला विचारून उत्तर देतं?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्हा दोघींचं एक लहान अ‍ॅप आहे, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवण्याचं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीकडे आहे. सेटिंग्जमध्ये तळाशी आवृत्तीचा क्रमांक दिसतो आणि त्याखाली 'अपडेट तपासा' अशी ओळ आहे. ती दाबली की अ‍ॅप आमच्या सर्व्हरवरची एक छोटी फाइल वाचतं. सगळ्यात नवी आवृत्ती कोणती, एवढंच त्यात असतं. फोनमधली आवृत्ती त्याहून जुनी असली की 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' असं दिसतं आणि तिथूनच स्टोअर उघडता येतं.

तक्रारी दोन उलट टोकांच्या येतात. काहींना अ‍ॅप सांगतं नवीन आवृत्ती आहे, पण स्टोअरमध्ये गेल्यावर 'अपडेट'ऐवजी नुसतं 'उघडा' दिसतं. ते परत येतात, पुन्हा दाबतात, पुन्हा तेच. काहींना मात्र अ‍ॅप म्हणतं 'तुमचं अ‍ॅप अद्ययावत आहे' आणि स्टोअरमध्ये अपडेट येऊन पडलेलं असतं.

इतक्या आत जाऊन ही ओळ दाबणाऱ्या माणसाला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं असतं. बऱ्याचदा काहीतरी अडलेलं असतं म्हणूनच तो तिथे पोचतो. त्याला खोटं उत्तर मिळावं हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही तुमच्या अ‍ॅपमध्ये हे कसं करता?

टाकसाळ

तुमची फाइल ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्नच वेगळा आहे. ती सांगते, 'आम्ही कोणती आवृत्ती काढली?' वापरणाऱ्याला हवं असतं, 'माझ्या या फोनवर आत्ता मला काही मिळणार आहे का?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त स्टोअरकडे असतं.

प्ले स्टोअरवर आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडता येते. तुम्ही १० टक्क्यांनी सुरुवात केलीत तर उरलेल्या ९० टक्के फोनांसाठी ती आवृत्ती अजून अस्तित्वातच नाही. तुमची फाइल मात्र सगळ्यांना 'आहे' म्हणून सांगते. पहिली तक्रार बहुतेक इथूनच येते. शिवाय काही आवृत्त्या काही फोनांना चालतच नाहीत, त्यांना स्टोअर त्या दाखवत नाही. आणि फोनमधलं प्ले स्टोअर स्वतःही काही काळ जुनी माहिती धरून बसतं.

अँड्रॉइडसाठी स्वतःची फाइल सोडा आणि गुगल प्लेचं इन-अ‍ॅप अपडेट्स वापरा. २०१८ च्या शेवटी ते जाहीर झालं आणि मे २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. अँड्रॉइड ५.० पासून पुढे चालतं. तुमचं अ‍ॅप प्लेला विचारतं आणि प्ले त्या फोनचा, त्या खात्याचा, चालू टप्प्याचा हिशेब करून उत्तर देतं. टप्प्यात नसलेल्या फोनला 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि त्याच्यापुरतं ते खरं असतं.

उत्तरात आणखी कामाच्या गोष्टी येतात. हे अपडेट उपलब्ध आहे हे फोनला कळून किती दिवस झाले, ते कळतं. किती बाइट उतरवायचे, ते कळतं. तुम्ही त्या आवृत्तीला ० ते ५ पैकी किती प्राधान्य दिलंय, तेही येतं. हे प्राधान्य प्ले कन्सोलच्या (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या प्लेच्या) पानावर शोधू नका, ते डेव्हलपर एपीआयमधून, म्हणजे प्लेशी कोडमधून बोलण्याच्या सोयीतून, द्यावं लागतं. काहीच दिलं नाही तर ० धरलं जातं.

पुढे दोन रस्ते आहेत. लवचिक प्रकारात अपडेट मागे उतरत राहतं आणि माणूस अ‍ॅप वापरत राहतो. तातडीच्या प्रकारात पूर्ण पडदाभर प्लेचं पान येतं आणि अपडेट होऊन अ‍ॅप पुन्हा सुरू होतं. तुमच्या अ‍ॅपला लवचिक पुरे.

एक जागा मात्र नीट सांभाळा. लवचिक प्रकारात अपडेट उतरलं म्हणजे बसलं असं नाही. ते बसवा असं तुमच्या अ‍ॅपने सांगावं लागतं. नाही सांगितलं तर उतरलेली फाइल फोनची जागा अडवून तशीच पडून राहते. म्हणून अ‍ॅप पुन्हा समोर येईल त्या प्रत्येक वेळी 'काही उतरून पडलंय का' हे पाहायचं, आणि असेल तर 'अपडेट तयार आहे, अ‍ॅप पुन्हा सुरू करा' अशी ओळ दाखवायची.

भिंगरी

मी कोड लिहीत नाही, रोज अ‍ॅप वापरणारी आहे. माझं एकच मागणं. मी काही करायला अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पडद्यावर अपडेटची चौकट आणू नका. माझ्या डोक्यात एक वाक्य असतं, ते टिपून ठेवायला मी अ‍ॅप उघडते. चौकट बंद करेपर्यंत ते निसटतं. मला अपडेट नको असतं असं नाही. मला ते माझं काम झाल्यावर हवं असतं.

अर्धविराम

@भिंगरी, आमच्याकडे आपोआप चौकट येत नाही आणि येणारही नाही.

@टाकसाळ, हे फारच उपयोगी आहे, मनापासून आभार. दोन शंका. प्लेमधून न घेता, आमच्या संकेतस्थळावरून एपीके (अँड्रॉइडवर थेट बसवायची फाइल) घेतलेले काही लोक आहेत. त्यांचं काय? आणि आयफोनवर असंच काही आहे का?

टाकसाळ

प्लेबाहेरून आलेल्या अ‍ॅपला प्ले 'हे या खात्याच्या मालकीचं नाही' अशी चूक परत देतं. तिथे तुमची फाइलच वापरावी लागेल. म्हणून आधी अ‍ॅप कुठून आलंय ते पाहा. अँड्रॉइड ११ पासून त्यासाठी वेगळी सोय आहे, त्याआधीच्या फोनांवर जुन्या पद्धतीने बसवणाऱ्या अ‍ॅपचं नाव विचारता येतं. प्लेमधून आलं असेल तर प्लेला विचारा, नाहीतर फाइल वाचा.

एफ-ड्रॉइडवरही (मुक्त सॉफ्टवेअरचं वेगळं स्टोअर) ठेवणार असाल तर हेही ध्यानात घ्या. तिथली बरीच अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड स्वतःच बांधतं आणि स्वतःच्या किल्लीने सही (कोणी बांधलं याची डिजिटल खूण) करतं. प्लेवरची सही वेगळी असते. सही जुळली नाही की अँड्रॉइड एकावर दुसरं बसू देत नाही. एफ-ड्रॉइडवरून घेतलेल्या माणसाला प्लेच्या पानावर पाठवलंत तर अपडेट होणार नाही, आणि अ‍ॅप काढून नव्याने टाकताना त्याच्या नोंदी जातील.

आयफोनचं @कट्यार सांगेल.

कट्यार

सांगतो.

अ‍ॅपलकडे प्लेसारखी सोय नाही. अ‍ॅपमधून अ‍ॅप अपडेट होत नाही, अ‍ॅप स्टोअरमध्येच जावं लागतं. 'नवीन आहे का' हे विचारायला बहुतेक जण आयट्यून्सचं लुकअप, म्हणजे स्टोअरवरची माहिती विचारण्याची अ‍ॅपलची वेब सोय, वापरतात. अ‍ॅपचा बंडल आयडी (त्याची एकमेव ओळख) द्यायचा, उत्तरात स्टोअरवरची आवृत्ती, तिला लागणारी किमान आयओएस आणि 'नवीन काय'चा मजकूर येतो. दिसायला सोपं आहे, पण घोळ होण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

पहिली, देश. देश दिला नाही तर लुकअप अमेरिकेच्या स्टोअरमध्ये पाहतं. तुमचं अ‍ॅप तिथे नसेल तर शून्य निकाल येतात. अनेक अ‍ॅप्सच्या कोडमध्ये शून्य निकाल म्हणजे 'अपडेट नाही' असं धरलेलं असतं. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं कारण अशाच कुठल्यातरी जागी सापडेल, आयफोन असो की अँड्रॉइड. तुमची फाइल फोनच्या कॅशमधून (आधी साठवलेल्या जुन्या प्रतीतून) तर वाचली जात नाही ना, हेही पाहा.

दुसरी, लुकअपचं उत्तरही कॅशमधून येतं. नवी आवृत्ती स्टोअरवर आल्यावरही काही वेळ तिथे जुनाच क्रमांक दिसू शकतो. उलटही होतं, लुकअप नवा क्रमांक सांगतं आणि फोनमधलं स्टोअर अजून जुनं पान दाखवतं. म्हणून क्रमांक बदललेला दिसला की लगेच ओरडायचं नाही. उत्तरात त्या आवृत्तीची तारीख येते. ती एक दिवस जुनी होईपर्यंत थांबलं की बहुतेक गोंधळ टळतो. माणसाने स्वतः दाबलं असेल तर थांबायचं नाही, पण 'स्टोअरमध्ये दिसायला थोडा वेळ लागू शकतो' हे त्याच ओळीत लिहायचं.

तिसरी, तुलना. ही सगळ्यात जास्त ठिकाणी चुकलेली दिसते. आवृत्ती १.९ आहे आणि नवी १.१० आली. अक्षरांसारखी तुलना केली तर १.९ मोठी ठरते, कारण टिंबानंतर ९ आणि १ यांची तुलना होते. दशांश संख्या म्हणून केली तरी तेच, १.१० म्हणजे १.१. टिंबांवर तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून तपासायचा. २.० आणि २.०.० सारखेच धरायचे. आणि 'वेगळी आहे का' असं कधी विचारायचं नाही, 'मोठी आहे का' असंच विचारायचं. टेस्टफ्लाइटवर (अ‍ॅपलची चाचणी आवृत्त्या देण्याची सोय) असलेल्या माणसाकडे स्टोअरहून नवी आवृत्ती असते. अ‍ॅप तपासणाऱ्या अ‍ॅपलच्या माणसाकडेही असते. त्यांना 'अपडेट करा' दाखवणं म्हणजे त्यांना मागे पाठवणं.

टप्प्यांबद्दल मात्र प्ले आणि अ‍ॅपल यांच्यात मोठा फरक आहे. अ‍ॅपलचं टप्प्याटप्प्याचं वितरण ७ दिवसांचं असतं: १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के. पण ते फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटना लागू आहे. स्टोअरमध्ये स्वतः जाणाऱ्या कोणालाही नवी आवृत्ती पहिल्या दिवसापासून मिळते. म्हणजे आयफोनवर 'उघडा' दिसण्याचं कारण टप्पा नसतो. कॅश असते, नाहीतर आयओएस जुनी असते.

जुनंखोड

शेवटच्या वाक्यावर थांबलो, कारण तो माणूस मी आहे. माझा फोन जुना आहे, पण धडधाकट आहे. त्याला नवी आयओएस मिळत नाही. एक अ‍ॅप मला दर वेळी सांगतं की नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. दाबलं की स्टोअर उघडतं, तिथे काही होत नाही. मला वाटत राहिलं की मीच काहीतरी चुकीचं दाबतोय. शेवटी नातीने पाहिलं तेव्हा कळलं की ती आवृत्ती माझ्या फोनसाठी नाहीच.

अशा माणसाला तुमचं बटण काय सांगणार आहे, एवढं मला सांगा.

अर्धविराम

काका, फार महत्त्वाचं विचारलंत. @कट्यार, किमान आयओएस लुकअपच्या उत्तरात येते म्हणालास. मग ती फोनच्या आयओएसशी ताडून पाहिली की झालं ना?

कट्यार

हो, तिथेही तुकडे पाडूनच तुलना. किमान आयओएस फोनहून वरची असेल तर स्टोअरचं बटणच दाखवायचं नाही. त्याऐवजी सरळ लिहायचं: 'तुमच्या फोनवर चालणारी सगळ्यात नवी आवृत्ती तुमच्याकडे आहे. पुढच्या आवृत्तीला आयओएस अमुक लागते.' पण हे पहिलं वाक्य खरं आहे ना ते पाहावं लागतं. लुकअप फक्त ताजी आवृत्ती सांगतं. काकांच्या फोनवर चालणारी शेवटची आवृत्ती ४.२ असेल आणि त्यांच्याकडे ४.० असेल, तर ते लुकअपला कळणार नाही. म्हणून कोणत्या आयओएससाठी शेवटची आवृत्ती कोणती, हे तुमच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल इथे कामाला येईल.

अँड्रॉइडवर हा प्रश्न जवळजवळ येत नाही, प्ले फोन बघूनच उत्तर देतं.

जुनंखोड

असं लिहिलेलं मला मिळालं असतं तर माझा पुष्कळ त्रास वाचला असता. आभार.

सांजवात

सगळे माणसाच्या सोयीचं बोलताय, बरोबरच आहे. पण काही वेळा सक्ती करावीच लागते. मे २०१९ मधलं व्हॉट्सअ‍ॅपचं प्रकरण आठवा. नुसता कॉल करून, समोरच्याने तो उचलला नाही तरी, हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये घालता येत होतं. तेव्हा सुमारे दीड अब्ज वापरणाऱ्यांना अपडेट करा असं सांगावं लागलं. अशा वेळी 'काम झाल्यावर करेन' चालत नाही.

आम्ही किमान चालणारी आवृत्ती फायरबेसच्या रिमोट कॉन्फिगमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंग्ज दुरून बदलण्याची गुगलची सोय) ठेवतो. त्याखालच्या सगळ्यांना पूर्ण पडदा. एक सूचना, तिथे नवी माहिती आणण्याचं किमान अंतर मुळात १२ तासांचं असतं. तातडीचा बदल लगेच सगळीकडे पोचेल असं धरू नका.

भिंगरी

सुरक्षेसाठी सक्ती केलीत तर माझी हरकत नाही. पण रंग बदलला म्हणूनही तोच पूर्ण पडदा आणणारी अ‍ॅप्स मी पाहिली आहेत. मग खऱ्या धोक्याच्या वेळीही माणूस तो वैतागूनच बघतो.

टाकसाळ

भिंगरीच्या बाजूने आहे. @सांजवात, सक्तीला माझा विरोध नाही, पण तिची कारणं दोनच असावीत: जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भोक आहे, किंवा सर्व्हर आता जुन्या आवृत्तीशी बोलूच शकत नाही. दुसऱ्या कारणासाठी सर्व्हरने नकार देताना ४२६ हा कोड द्यावा आणि अ‍ॅपने तो ओळखून अपडेटचं पान दाखवावं, असं बरेच जण करतात. काटेकोरपणे पाहिलं तर तो कोड प्रोटोकॉल बदलायला सांगण्यासाठी आहे, पण दोन्ही टोकं तुमचीच असतील तर अडत नाही.

आणि सक्तीच्या पडद्यामागे माणसाच्या स्वतःच्या नोंदी कोंडू नका. हे मी फार आग्रहाने सांगतोय. नेट नसेल, फोनमध्ये जागा नसेल, फोनच जुना असेल, तर तो अपडेट करूच शकत नाही आणि त्याचं स्वतःचं लिखाण त्याच्याच फोनमध्ये अडकतं. सर्व्हरशी बोलणं बंद करा, नवीन लिहिणं बंद करा हवं तर, पण वाचणं आणि नोंदी बाहेर काढून घेणं चालू ठेवा.

सांजवात

नोंदींचा मुद्दा मान्य. आमच्याकडे तसं नाही, करून घ्यायला हवं.

निरंजनी

सुरक्षेचं काम करते म्हणून एक बाजू जोडते. 'अपडेट करा' या दोन शब्दांवर लोकांचा विश्वास असतो आणि फसवणारे नेमका तोच वापरतात. २०२१ मध्ये फ्लूबॉट नावाचं अँड्रॉइडवरचं मालवेअर पार्सलच्या खोट्या एसएमएसमधून पसरत होतं. पुढे त्याच टोळीने 'तुमच्या फोनमध्ये फ्लूबॉट शिरला आहे, हे सुरक्षा अपडेट टाका' असं पान दाखवायला सुरुवात केली. ते अपडेट म्हणजेच फ्लूबॉट. डच पोलिसांनी मे २०२२ मध्ये त्याची यंत्रणा बंद पाडली आणि १ जूनला युरोपोलने ते जाहीर केलं. पण ही युक्ती अजून वापरात आहे.

म्हणून तुमच्या बटणाने माणसाला जी सवय लागेल तिचा विचार करा. अपडेटचा रस्ता नेहमी स्टोअरच्या अधिकृत पानावर जावा. ब्राउझरमध्ये एखादी लिंक उघडून तिथून एपीके उतरवायला लावू नका. प्लेवरच्या अ‍ॅपने प्लेखेरीज दुसऱ्या मार्गाने स्वतःला अपडेट करणं प्लेच्या नियमांतही बसत नाही. संकेतस्थळावरून एपीके देताच आहात तर त्या लोकांसाठी फाइल एचटीटीपीएसवरूनच द्या आणि सहीची किल्ली जिवापाड जपा. सही जुळली नाही तर अँड्रॉइड नवी आवृत्ती जुनीवर बसवणार नाही, हेच त्या लोकांचं खरं संरक्षण आहे.

वापरणाऱ्यांसाठी: कुठल्याही संदेशातून, जाहिरातीतून 'अपडेट करा' आलं तर तिथे दाबू नका. स्वतः स्टोअर उघडा. प्लेमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबून अ‍ॅप्स आणि डिव्हाइसच्या व्यवस्थापनात जा, थांबलेली अपडेट्स तिथे दिसतात. अ‍ॅप स्टोअरमध्येही आपल्या चित्रावरच दाबायचं आणि यादी खाली ओढून ताजी करायची. तिथे नसेल तर ते अपडेट नव्हे.

मृद्गंध

मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) अ‍ॅप्स वापरतो. 'अपडेट तपासा' दाबल्यावर बहुतेक अ‍ॅप्समध्ये एक चाक फिरतं आणि मग तळाशी क्षणभर एक ओळ येऊन जाते. मला यातलं काहीच ऐकू येत नाही. तपासणी चालू आहे की संपली, हेही कळत नाही. निकाल त्या बटणाखालीच कायमचा लिहा आणि तो बदलला की वाचून दाखवला जाईल अशी खूण त्या मजकुराला द्या. शेवटचं कधी तपासलं ती वेळही तिथेच द्या.

अर्धविराम

@मृद्गंध, हे नक्की करणार. वेळ लिहिण्याची कल्पना तर सगळ्यांच्याच कामाची आहे.

ओळींचा मसुदा असा केलाय. अपडेट असेल तर: 'आवृत्ती ३.४ उपलब्ध आहे', खाली काय बदललं त्याच्या दोन ओळी आणि बटण. नसेल तर: 'तुमच्याकडे सगळ्यात नवी आवृत्ती आहे. आज सकाळी १०.१५ ला तपासलं.' जुन्या फोनसाठी कट्यारने सुचवलेली ओळ. काही राहिलं का?

कट्यार

राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नेट नाही, सर्व्हर बंद, लुकअपने शून्य निकाल दिले, प्ले सेवा फोनमध्येच नाहीत. या सगळ्यांसाठी चौथी ओळ लागते: 'आत्ता तपासता आलं नाही.' शेजारी 'पुन्हा तपासा' आणि 'स्टोअरमध्ये पाहा'. बहुतेक कोडमध्ये चूक आली की तो गुपचूप 'अपडेट नाही'कडे वळतो. सुरक्षेचं अपडेट आलेलं असताना एखाद्याला 'सगळं ताजं आहे' असं सांगितलं जातं, ते याच वाटेने.

अर्धविराम

खरंय. आमच्या कोडमध्ये ती वाट आजच बंद करते.

शेवटची शंका. हे तपासून कसं बघायचं? प्लेवर नवी आवृत्ती सोडल्याशिवाय 'अपडेट आहे' असं उत्तर येणारच नाही ना?

टाकसाळ

येतं. कोडच्या चाचण्यांसाठी त्याच लायब्ररीत एक खोटा अपडेट मॅनेजर मिळतो. 'अपडेट आहे', 'उतरलं', 'माणसाने नको म्हटलं' अशा सगळ्या अवस्था त्याला सांगून वठवून घेता येतात. पण तो पडदे दाखवत नाही, म्हणून खऱ्या फोनवरही बघाच.

त्यासाठी प्ले कन्सोलमधलं इंटर्नल अ‍ॅप शेअरिंग वापरा. एकाच अ‍ॅपच्या दोन आवृत्त्या चढवा, दुसरीचा आवृत्ती कोड (प्ले ज्यावरून नवं-जुनं ठरवतं तो आकडा) पहिलीहून मोठा. पहिलीची लिंक फोनवर उघडून ती बसवा. मग दुसरीची लिंक उघडा. प्लेचं पान येईल, त्यावर 'अपडेट' दिसेल. ते दाबायचं नाही, इथेच बरेच जण चुकतात. ते पान तसंच सोडून अ‍ॅप नेहमीच्या चिन्हावरून उघडा आणि तुमची ओळ दाबा. आता प्ले 'आहे' म्हणेल.

मग लवचिक अपडेट अर्ध्यावर असताना अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. उतरून झाल्यावर विमान मोड लावून बघा. आणि 'नको' म्हणून लगेच पुन्हा 'तपासा' दाबा, कारण प्लेकडून आलेलं एक उत्तर एकदाच वापरता येतं. दुसऱ्यांदा अपडेट सुरू करायला नवं उत्तर मागवावं लागतं, आणि ते मागवलं नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही.